राहण्याची सोय: नको

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आयला कांगस व्हर्ना पेल्कीच्या ऑफिसात शिरली आणि कोटही न काढता म्हणाली, "माझ्या नावानं कुणीतरी परस्पर नोकरीचा अर्ज केलाय. आणि त्यामुळेच माझी नोकरी जातेय."

"आधी बस," व्हर्ना म्हणाली. "डेल, कॉफी."

डेल हॉस्टेटर म्हणजे व्हर्नाच्या बहिणीचा नवरा. तीस वर्षं टपालाची गाडी चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता आपण व्हर्नाचा उजवा हात आहोत असं त्याला वाटे. त्याची कॉफी चांगली होते, असं व्हर्नाला वाटे. ती स्वतः बावीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडत आलेली बाई होती; आता खाजगी तपासाची कामं घेई.

आयला चौतिशीची. डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा.

"मी फिरती फिजिओथेरपिस्ट आहे. ज्या गावात थेरपिस्ट मिळत नाही तिथे तेरा आठवडे काम करायचं, मग पुढचं गाव. काम एजन्सीमार्फत मिळतं. माझी एजंट ट्रिना. तिनं माझं नाव पाइन हार्बरच्या इस्पितळात पाठवलं. पण त्याच्या आदल्याच दिवशी ब्रेंट नावाच्या माणसाच्या एजन्सीनं माझंच नाव तिथे पाठवलं होतं."

"मग? दोघांनी शिफारस केली तर बरंच की," डेल म्हणाला.

"बरं कसलं! एकच माणूस दोन एजन्सींकडून आला की इस्पितळ दोन्ही अर्ज बाजूला ठेवतं. दलाली कुणाची, या भांडणात त्यांना पडायचंच नसतं. दुसरा अर्ज माझ्या संमतीशिवाय गेला, हे उद्या दुपारी बाराच्या आत लेखी द्या, म्हणतात. नाहीतर ती जागा किप सॉंडर्स नावाच्या दुसऱ्या फिरत्या थेरपिस्टला."

"आणि तुला?"

"ॲरिझोना. दोन हजार मैल लांब." आयला खुर्चीच्या कडेवर सरकली. "पाइन हार्बरला माझे बाबा एकटे राहतात, मिसेस पेल्की. मार्चमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मी टेक्सासला होते. पाच तास ते स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होते. हा हिवाळा मला त्यांच्याजवळ काढायचाय. नव्वद मैलांत माझ्या कामाची ही एकच जागा आहे."

व्हर्नानं इस्पितळानं दिलेली दोन्ही अर्जांची प्रत पुढ्यात ओढली.

ट्रिनाचा अर्ज नीटनेटका होता. ब्रेंटकडच्या अर्जात नाव, जन्मतारीख, फोन नंबर बरोबर होते. परवान्याचा क्रमांक कोरा. सध्याचा पगार: ताशी वीस डॉलर. राहण्याची सोय: नको. खाली बारीक अक्षरात वेळ छापलेली. फॉर्म उघडला मंगळवारी सकाळी ९.१०, पाठवला ११.५०.

"मधे जेवायला गेला असेल," डेल म्हणाला.

"सकाळी दहाला?" व्हर्ना म्हणाली. "आयला, तुला राहायला जागा लागणार होती ना?"

"हो. ट्रिनाच्या अर्जात लिहिलंय तसं. दुकानाच्या वर एक खोली बघून ठेवलीय. आणि एक सांगते, बाबांना यातलं काही कळू देऊ नका. मी येणार म्हणून डोळे लावून बसलेत. अजून मला शाळकरी समजतात. निघताना माझ्या गाडीत बीन्सचे डबे भरतात."

ब्रेंटनं दुसऱ्याच रिंगला फोन उचलला.

"फॉर्म इंटरनेटवरून आला, बाई. नाव पाठवायला संमती आहे, या चौकटीत खूण होती. मी दोनदा फोनही केला. उचलला नाही."

"दिवसाला वीस एजंट फोन करतात," आयला पुटपुटली. "अनोळखी नंबर मी उचलतच नाही."

"आणि उचलला नाही तरी नाव पाठवलंत?" व्हर्नानं विचारलं.

"या धंद्यात पहिला पोचतो त्याचंच खरं. त्या इस्पितळाचं नाव शोधलं की पहिली जाहिरात आमचीच दिसते!" ब्रेंटला त्याचा भारी अभिमान दिसला.

दुपारी व्हर्ना आणि डेल किप सॉंडर्सला भेटले. मार्केट शहरातल्या एका दवाखान्यात त्याचं काम चालू होतं. हसरा, दाढीवाला, बोलका गडी.

"ती जागा मला हवीय, खोटं कशाला बोलू? पण मंगळवारी सकाळी आठ ते बारा माझ्याकडे ओळीनं सहा गुडघे आणि दोन खांदे होते. विचारा कुणालाही."

"तुमचा पगार किती?" डेलनं थेट विचारलं. व्हर्नानं कपाळाला हात लावला.

किप मात्र मनापासून हसला. त्यानं फोनवर आपली पगाराची स्लिप काढून दाखवली.

"ताशी बावीस?" डेल चकित झाला. "एवढं शिकून? आमच्या वाण्याच्या गल्ल्यावरची पोरगी एवढे घेते!"

"बघितलंत? कुणालाही असंच वाटतं. ताशी आकडा मुद्दाम लहान असतो. खरे पैसे त्याच्या खाली. घरभाड्याचा भत्ता, जेवणाचा भत्ता. आमचं कायमचं घर एकीकडे, काम दुसरीकडे, दोन्हीकडे खर्च होतो म्हणून त्यावर कर नाही. सगळं धरून आठवड्याचे दोन हजारांच्या आसपास जातात. आमच्यातलं कुणी पगार ताशी सांगतच नाही. आठवड्याचा सांगतो."

"आणि राहायची सोय नको म्हणालात तर?"

"नको? बाई, अर्धा पगार तिथेच असतो!"

गाडीत बसताना डेल म्हणाला, "फार गोड बोलतो. हाच तो."

"तू गाडी चालव," व्हर्ना म्हणाली. "पाइन हार्बर."

आर्विड कांगसनं त्यांना आयलाच्या ओळखीचे म्हणून आत घेतलं आणि काही न विचारता टेबलावर वेलदोड्याचा पाव ठेवला. उंच, वाळलेला म्हातारा. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं तो कॉफी ढवळत होता. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर होता. फ्रिजवर माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली औषधांचं वेळापत्रक, आणि त्यामागून डोकावणारा आयलाचं नाव छापलेला एक कागद.

"वसंतात माझ्या इस्पितळाच्या बिलात सवलत मिळावी म्हणून पोरीनं आपले कागद जोडले होते. तिची प्रत राहिली इथेच," आर्विड म्हणाला. "येतेय ना ती? वरची खोली झाडून घेतली मी. दोन दिवस लागले. हल्ली सगळ्यालाच वेळ लागतो."

निघताना त्यानं डेलच्या हातात बीन्सचे दोन डबे आणि वीस डॉलरची नोट कोंबली. "पोरीला द्या. पेट्रोलला होतील. देशभर वणवण करते बिचारी."

रस्त्याला लागल्यावर व्हर्ना म्हणाली, "झालं आपलं काम. मला फार बरं वाटत नाहीये, डेल."

शुक्रवारी दहाला ती आयलाला घेऊन पुन्हा त्याच टेबलाशी बसली. आर्विडनं लेकीला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. व्हर्नानं दोन्ही अर्ज त्याच्यासमोर ठेवले तसा तो विझला.

"ज्यानं हा अर्ज भरला त्याला आयलाची जन्मतारीख पाठ होती, पण परवान्याचा क्रमांक माहीत नव्हता," व्हर्ना शांतपणे म्हणाली. "म्हणजे एजंट नाही. एजंटकडे तो असतोच. आणि आयलाला वीस डॉलरवर पाठवून ब्रेंट स्वतःच्याच दलालीवर पाणी कशाला सोडेल?"

"मग किपच!" डेल म्हणाला.

"किप तेव्हा गुडघे वाकवत होता. शिवाय पगार ताशी वीस आणि राहायची सोय नको, असं कुठलाही फिरता थेरपिस्ट लिहिणार नाही. हे लिहिणारा माणूस या धंद्यातला नव्हे. त्यानं आयलाची स्लिप पाहिली होती, पण फक्त वरचा आकडा वाचला. तुलाही किपची स्लिप बघून गल्ल्यावरची पोरगी आठवली होती ना?"

तिनं उठून चुंबक सरकवलं. स्लिपवर ताशी वीस असं छापलेलं होतं.

"पाच मिनिटांच्या फॉर्मला दोन तास चाळीस मिनिटं लागली. एका हातानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं तर लागतात. आणि जागेची गरज नव्हती, कारण वरची खोली झाडून तयार होती."

आयला वडलांकडे वळली. "बाबा?"

"तू म्हणालीस, तिथे प्रयत्न करतेय," आर्विड खाली बघत म्हणाला. "म्हटलं, आपणही हातभार लावू. इस्पितळाचं नाव टाकलं, पहिली आली त्या जाहिरातीत भरलं. वाटलं, इस्पितळच आहे. पोरीचं भाडं तरी वाचेल. एवढी शिकलीस आणि वीस डॉलर, मला झोप लागत नव्हती गं." त्यानं मान वर केली. "मीच घालवली का तुझी नोकरी?"

"अजून नाही गेली," व्हर्ना म्हणाली. "ब्रेंटशी सकाळी बोलले. तुम्ही लेखी दिलंत तर तो अर्ज मागे घेतोय. इस्पितळालाही तेच हवंय. मजकूर मी लिहून आणलाय. सही तुमची."

आर्विडनं पेन डाव्या हातात घेतलं, थांबला आणि उजव्या हातात दिलं. बोटं नीट मिटेनात. डेल पुढे झाला तशी आयलानं त्याला मागे ओढलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं हात लावला नाही. सही व्हायला चार मिनिटं लागली. व्हर्नानं तिथूनच फोनवर फोटो काढून पाठवला. अकराला दहा कमी असताना इस्पितळातून उत्तर आलं. सोमवारपासून या.

"बाबा," आयला नाक पुसत म्हणाली, "मला आठवड्याला दोन हजार मिळतात."

आर्विडनं तिच्याकडे बघितलं, मग स्लिपकडे. "आणि मी तुला बीन्स देत होतो?"

"सगळे खाल्ले मी. एकही डबा टाकला नाही."

डेलनं खिशातून वीसची नोट काढून गुपचूप टेबलावर ठेवली. डबे त्यानं आदल्या दिवशीच फस्त केले होते, त्याबद्दल तो काही बोलला नाही.

"मग वरच्या खोलीत राहशील ना?" आर्विडनं विचारलं.

"खोली दुकानावर घेतलीय. तुमच्याकडे फुकट राहिले तर भाड्याच्या भत्त्यावर कर लागतो."

म्हाताऱ्यानं हा हिशेब मनात दोनदा फिरवला. "म्हणजे बापाजवळ न राहण्याबद्दल सरकार तुला सूट देतं?"

डेल खो खो हसला. आयलाही हसली, आणि हसता हसता तिनं मार्चमध्ये बाबा पडले होते त्या फरशीकडे बघितलं. मग तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला.

"कर भरीन मी," ती म्हणाली. "चादरी कुठे आहेत?"