गोरख गुरवाचं पेव

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. मशीनची क्लचप्लेट बदलून घ्यायला मी देवळाली प्रवऱ्याला गेलो होतो. माझं गाव पाथर्डी तालुक्यात. विहिरीत उतरून आडवे बोअर मारायचे, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. छोटं डिझेलचं मशीन, पाच-पाच फुटांचे रॉड, आणि वर दगडमाती ओढायला तीन पायांचं तिकाटणं. गॅरेजच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात चाळिशीतल्या एक बाई आल्या. मशीनभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "भाऊ, हे खोलून होडीतून नेता येतं का?"

त्यांचं नाव सविता. त्यांच्या सासऱ्यांचं जुनं गाव धरणात गेलं होतं. गावाची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली आणि तिचं बेट झालं. गाव उठलं त्या वर्षी देवीचा चांदीचा मुखवटा आणि अंगावरचे दागिने टेकडीवरच्या एका पेवात पुरून ठेवले होते. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं भुयार. तोंड अरुंद, आत रांजणासारखं फुगीर. पाणी उतरलं की काढून न्यायचं असं ठरलं होतं. पण दर पावसाळ्यात टेकडीच्या उतारावर गाळ बसत गेला आणि जागा हरवली. ठरवणारेही एकेक करून गेले. जागा माहीत असलेल्या फक्त सविताताईंच्या सासूबाई उरल्या होत्या. सविताताई त्यांना आत्या म्हणायच्या.

"गुप्तधनाच्या कामाला मी हात लावत नाही, ताई," मी म्हणालो.

"गुप्तधन न्हाई, भाऊ. गावचं गावाला द्यायचंय. परवानगीचा कागद हाय माझ्याकडं. आत्या म्हंत्यात, मरायच्या आत एवढं करायचंच."

कागद खरा होता. मी हो म्हणालो.

छगन नावाच्या मासेमारी करणाऱ्या माणसानं दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या. मशीन तीन खेपांमध्ये बेटावर गेलं. शेवटच्या खेपेला सविताताईंच्या सासूबाई आल्या. मालनबाई. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटकुळ्या, पण होडीतून उतरताना त्यांनी कुणाचा हात धरला नाही. सरळ उतारावर चालत गेल्या, एका जळक्या खोडापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हितून बारा पावलं. कुन्या अंगाला, ते आता ध्यानात न्हाई. सगळीकडं मार."

बेटावर झाड नव्हतं. गाळ वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या, पाय पडला की कुरकुर वाजायच्या. शिंपले, माशांचे काटे, कुठं एखादा घराच्या जोत्याचा दगड. वाळत्या चिखलाचा वास नाकात बसायचा. भर दुपारी पाणी आरशासारखं पडून असायचं आणि त्यावर एक पाखरू नसायचं. मला विहिरीतल्या शांततेची सवय आहे. ही शांतता तशी नव्हती. कुणीतरी बोलता बोलता आपल्याला बघून गप्प व्हावं, तशी होती.

पहिल्या दिवशी मशीन उभं लावून पाच भोकं मारली. गाळ, मुरूम, मग काळा दगड. दुसऱ्या दिवशी चार. मालनबाई छत्री घेऊन दगडावर बसायच्या आणि प्रत्येक भोकातून वर येणारी माती चिमटीत घेऊन हुंगायच्या.

"ही न्हाई," म्हणायच्या. "फुडं घे."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला, चौदा फुटांवर रॉड एकदम फूटभर खाली गेला. इंजिनचा आवाज हलका झाला. मी मशीन बंद केलं आणि रॉड काढले. भोकातून वारा आला. गरम, सावकाश. त्याला कुबट ज्वारीचा वास होता, पेव उघडल्यावर येतो तसा. मालनबाई उठून उभ्या राहिल्या.

भोक तीन इंची. मी मोबाईलची बॅटरी लावली, व्हिडिओ सुरू केला आणि नायलॉनच्या दोरीला बांधून तो खाली सोडला. चौदा फूट दोरी गेली. मी क्षणभर थांबलो.

दोरीला दोन झटके बसले.

एक... आणि लगेच दुसरा. मासा ओढतो तसे नाहीत. माणूस ओढतो तसे. आमच्या विहिरीच्या कामात दोन झटक्यांचा एकच अर्थ असतो. वर घ्या.

"कुठंतरी अडाकली आसंल," छगन म्हणाला, पण तो दोन पावलं मागं सरकला होता.

मी दोरी ओढून घेतली. व्हिडिओत पहिले तीन सेकंद मातीची भिंत दिसत होती, नंतर सगळा काळोख. मोबाईलच्या काचेवर ओल्या मातीचा डाग होता. अंगठ्याएवढा.

मालनबाईंनी माझ्या हातातली दोरी घेतली. मोबाईल सोडून मोकळीच दोरी त्यांनी भोकात सोडली आणि डोळे मिटून बसल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांची मूठ दोनदा खाली गेली.

"आत्या..." सविताताई म्हणाल्या. "चला घरी."

"बस खाली," मालनबाई म्हणाल्या. "समद्यांनीच बसा. ऐका."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दोरी हातातच होती.

"लगीन होऊन चार म्हैनं झालं हुतं मला. पानी चढत हुतं. मुखवटा ठेवायला गोरख गुरव पेवात उतरला. देवीचा पुजारी त्यो, दुसऱ्या कुनाचा हात लागून चालत नव्हतं. वर सासरा, माझा मालक आन मी. दोर माझ्याकडं दिल्ता. खाली गेला आन बोलायचा बंदच झाला. पेवातली हवा वंगाळ आसती, मानूस जागीच झोपतो. सासरा म्हनला, मेला त्यो, आता खाली जाईल त्यो बी मरंल. होडीवाला हाका मारीत हुता. दोघांनी शिळा सरकावली."

"आणि दोर?" मी विचारलं.

"शिळा बसायच्या टायमाला दोराला दोन झटकं बसलं. माझ्या हाताला. मी सासऱ्याला सांगितलं. त्यो म्हनला, वारं हाय. मी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा न्हाई सांगितलं." त्यांनी डोळे उघडले. "गावात सांगितलं, गोरख कामाला सुरतेला गेला. त्याची बायकू, लंकाबाई, मरस्तोवर कुकू लावीत हुती. सणासुदीला माझ्या घरी यायची आन इचारायची, काय खबर आली का गं."

पाणी काठावर चुबूक चुबूक वाजत होतं.

"तू घाबरला आसशील तर जा," मालनबाई मला म्हणाल्या. "मी हातानं उकरीन."

मी घाबरलो होतो. पण बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हातातल्या दोरावर जीव टाकून खाली उतरतोय. खालून दोन झटके आले आणि वरच्यानं सोडून दिलं, हे मला कुठंही सांगता आलं नसतं. मी पहार उचलली.

त्या संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही खणलं. छगन दोनदा होडीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा परत आला. भोकाच्या पश्चिमेला आठ-नऊ फुटांवर शिळा लागली. तिकाटण्याला साखळी लावून ती उचलली. मशीनच्या कॉम्प्रेसरची नळी आत सोडून दोन तास हवा मारली, कंदील सोडून बघितला, तो जळत राहिला. मग कमरेला दोर बांधून मी उतरलो. दोर मालनबाईंनी धरला होता. छगन आणि सविताताई मागं होते, पण पुढचा हात त्यांचाच.

आत कोरडं होतं. दागिन्यांची सागवानी पेटी पितळी पट्ट्यांसकट जशीच्या तशी होती. मुखवटा कापडात गुंडाळलेला, त्यावर धूळसुद्धा फारशी नव्हती. मी बॅटरी सगळीकडं फिरवली. माणसाचं एक हाडही नव्हतं.

मग मी वर बघितलं. माझं भोक कुठं आलंय ते मला बघायचं होतं. पेवाचं छत सगळीकडं अखंड होतं. उजेडाचा ठिपका कुठंच नव्हता.

पूर्वेच्या अंगाला, तळाशी, भिंतीत एक बीळ होतं. आडवा झोपलेला माणूस जाईल एवढं. तोंडाशी पूजेचं चांदीचं तबक पडलं होतं, घासून घासून अर्धं झालेलं. बिळाच्या भिंतींवर पहिले हातभर तबकाच्या कडेचे ओरखडे होते. पुढं बोटांचे. मी डोकं आत घातलं आणि बॅटरी धरली. बीळ सरळ गेलं होतं. थोडं पुढं त्याच्या छतातून माझ्या भोकाचा उजेडाचा ठिपका पडला होता. उजेड संपला तरी ते संपलं नव्हतं. तिकडून वारा येत होता, सावकाश, थांबून थांबून.

तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विहिरीचं काम करणाऱ्याच्या ती आधी लक्षात यायला हवी होती. एवढं बीळ खणलं, तर माती गेली कुठं? पेवात ओंजळभरही माती नव्हती.

पेटी आणि मुखवटा मी साखळीला बांधून वर पाठवले, तबक कमरेला खोचलं आणि दोराला दोन झटके दिले. मालनबाईंनी मला असं ओढलं, की माझ्या कमरेला आठ दिवस वळ होता.

"हाडं?" त्यांनी विचारलं.

"नाहीत, आजी." मी बिळाचं सांगितलं. तबक त्यांच्या हातात दिलं.

त्या तबकाच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. सविताताईंनी मुखवटा उलगडला, तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मशीन फुडं घे," म्हणाल्या.

पूर्वेला दहा फूट पुढं मी भोक मारलं. चौदा फुटांवर पोकळ. आणखी दहा फूट पुढं. पोकळ. पाण्याच्या काठापर्यंत सात भोकं मारली आणि सातही वेळा रॉड चौदा फुटांवर खाली पडला. शेवटच्या तीन भोकांना तर मी मशीनचा जोर लावलाच नाही, मुरूम आपोआप सुटत होता. छगननं प्रत्येक भोकात एक बांबू उभा केला. मग तो मागं जाऊन पहिल्या बांबूपाशी उभा राहिला, एक डोळा मिटून त्यानं रांग बघितली आणि खाली बसला.

मी पण जाऊन बघितलं. सातही बांबू एका रेषेत होते. रेष पाण्यावरून सरळ पलीकडच्या काठाला जात होती. तिथं त्यांच्या नव्या गावठाणाची पाण्याची टाकी दिसत होती, आणि टाकीच्या डाव्या हाताला पत्र्याची चार घरं.

"त्यातलं शेवटचं लंकाबाईचं," मालनबाई म्हणाल्या. "बारा वर्सं झाली, कुलूप हाय." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "तिला गावठाणात जागा कुठं मिळाली, ते त्याला कुनी सांगितलं आसंल?"

छगन म्हणाला, "मधी एवढं पानी हाय, आजी. तळाखालून कोन जाईल?"

"पन्नास वर्सं मिळाली त्याला," त्या म्हणाल्या.

आम्ही भोकं बुजवली नाहीत. मालनबाईंनी बुजवू दिली नाहीत.

मुखवटा गावात गेला त्या दिवशी ताशे होते, गुलाल होता. सरपंचानं मला नारळ दिला. देवीला मुखवटा चढवल्यावर मालनबाई देवळाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी गावाला सांगितलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं, स्वतःचं. ताशेवाले वाजवायचे थांबले. एक म्हातारा उठला आणि थुंकून निघून गेला. मालनबाईंनी कुणाकडून उत्तर मागितलं नाही. लंकाबाईच्या भाच्याकडून किल्ली घेतली आणि त्या घरात जाऊन बसल्या.

मी पाथर्डीला परत आलो. पावसाळ्यात आमचं काम बंद असतं. श्रावणात एक दिवस सकाळी सविताताईंचा फोन आला. मी सासूबाईंची तब्येत विचारली.

"चांगल्या हायेत. तिथंच असत्यात दिसभर. घरातली मधली फरशी काढून घेतलीय त्यांनी, मजूर लावून हातभर उकरलंय. आता कुनाला हात लावू देत न्हाईत. म्हंत्यात, आता आपून न्हाई खणायचं, नुसतं जागं राहायचं."

"बोलतात का काही?"

"बोलत्यात की. मी डबा घेऊन जाते तर आतून आवाज येतो. दोन शब्द बोलत्यात, मग थांबत्यात, मग परत बोलत्यात. मी आत गेले की गप." त्यांनी जरा श्वास घेतला. "भाऊ, एक इचारायचं हुतं. तुमी बाहेरचे हाय, हसू नका."

"विचारा."

"त्या आळीत पाच-सहा कुत्री हायेत. सगळी ह्याच दोन-चार वर्सांतली. परक्याला बघितलं की फाडून खात्यात. परवापासनं ती त्या घराच्या दाराम्होरं येऊन बसत्यात. दाराकडं तोंड करून. भुंकत न्हाईत. आत्या दोन म्हैनं तिथं हायेत, त्यांच्यासाठी कधी आली न्हाईत." मागं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. "नुसत्या शेपट्या हलवत्यात, भाऊ. घरचं मानूस आल्यावर हलवत्यात, तशा."