एकशे चौदा नंबरचा बेहडा

मुरबाडहून वैशाखऱ्याला निघालेल्या जीपमध्ये एकच जागा रिकामी होती. नीट पाहिलं तर तीही नव्हती.

"इथं कोणी बसलंय का?" रंजितानं विचारलं.

"बेहडा," खिडकीजवळचा तरुण गंभीरपणे म्हणाला. "पण तो सरकंल जरा..."

त्यानं रोपाची पिशवी मांडीवर घेतली. वाटभर काहीतरी ओलं तिच्या कोपराला लागत राहिलं. ते पानच असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

तो सुयोग. वैशाखऱ्याची रोपवाटिका सांभाळायचा. ती पुण्याहून आलेली, उजाड डोंगरावर जंगल परत कसं येतं याचा अभ्यास करायला. गावामागच्या टेकडीवर तीनशे रोपं लावायची, प्रत्येकाला पत्र्याचा नंबर बांधायचा आणि पाणी न घालता कोण जगतं, कोण मरतं, ते सहा महिन्यांनी मोजायचं. मोजमाप नीट जमलं तर तीन वर्षं संशोधनाची नोकरी, याच टेकडीवर. नाही जमलं तर मामांनी विमा विकायचं काम बघून ठेवलंच होतं.

जीपमधल्या बेहड्याला तिनं स्वतःच्या हातानं लावलं. नंबर एकशे चौदा.

मग पुण्याहून फोन सुरू झाले.

"कशी आहेत?"

"मजेत. आठवण काढतात तुमची."

"कोण, झाडं?"

"...झाडंच."

झाडांविषयीचं बोलणं दोन मिनिटांत संपे. फोन काही संपत नसे.

फेब्रुवारीत ती मोजायला आली. तीनशेपैकी तीनशे जिवंत! ती आनंदानं टेप घेऊन एकशे चौदाजवळ बसली. लावताना बेहडा दोन फूट होता. आता दीड.

टेप उलटा धरलाय का, हे तिनं दोनदा पाहिलं. पुढं तर ऐनाच्या एका रोपाचा चक्क करंज झाला होता. शास्त्रात असं होत नाही, निदान पुण्याच्या शास्त्रात तरी.

"सुयोग, झाडं बुटकी झालीत."

"थंडी लय होती, मॅडम."

"आणि ऐनाचा करंज? तोही थंडीनं?"

सुयोगनं समोरच्या डोंगराकडं पाहिलं. डोंगरानं काही मदत केली नाही.

"नांग्या भरल्या," तो हळूच म्हणाला. "भातात रोप मेलं तर त्या जागी दुसरं खोचतो ना आमी, तसं. मोकळी जागा दिसली तर आई घरात घेत नाय... आणि एक सुकाय लागलंय म्हणून सांगितलं तवा तुमचा आवाज केवढा बारीक झाला. मंग म्या सांगायचंच बंद केलं."

"अहो, मला मेलेलीच हवी होती! माझी नोकरी मेलेल्यांवर होती!"

"फोनवर एवढ्या मायेनं विचारायच्या... मला कसं कळणार?"

ती दगडावर बसली. अहवाल सोमवारी द्यायचा होता. रडावं की हसावं, ते कळेना. रागवावं म्हटलं तर कुणावर, ते कळत होतं, पण जमेना.

"मेलेली हायेत की," सुयोग म्हणाला.

त्यानं तिला रोपवाटिकेच्या छपराखाली नेलं. वाशाला वाळक्या काटक्या ओळीनं टांगल्या होत्या. प्रत्येकीला प्लॅस्टिकची पट्टी, पट्टीवर पेनानं लिहिलेलं: 'सत्तेचाळीस, ऐन, वाळवी, दोन नोव्हेंबर.' 'एकशे चौदा, बेहडा, बकरी, नऊ ऑक्टोबर.'

बेचाळीस काटक्या. कोण, कधी, कशानं गेलं, सगळं. इतकं तर तिच्या सरांनीही मागितलं नव्हतं.

"ठेवल्या कशाला?"

"तुमच्या हातानं लावलेली... फेकवलं नाय."

रंजिता बराच वेळ एकशे चौदाची काटकी न्याहाळत राहिली. बदललेली झाडं बदललेली म्हणूनच लिहायची, तारखेसकट, हे तिनं मनात पक्कं केलं. मग पिशवीतून उरलेला पत्र्याचा नंबर काढला. तीनशे एक.

"हात करा पुढं."

"माझा?"

तिनं तार त्याच्या मनगटाला बांधली. गाठ एकच होती, पण खूप वेळ बसेना. तार तशी चांगली होती.

"पण मॅडम, मी तर—"

"दर महिन्याला मोजायला येणार. आणि ऐका, याची नांगी भरायची नाही."

"मेला तर?"

"मरायचं नाही," रंजिता म्हणाली. "तीन वर्षं तरी."

सुयोगनं बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"आणि मंग?"