चष्म्यावरची वाफ

कॅज्युअल्टीच्या दारात आमची टक्कर होता होता राहिली, आणि तो डॉक्टर पहिलं वाक्य बोलला ते असं — "सिस्टर, लांब... माझे ग्लोव्हज खराब आहेत."

दोन्ही हात वर, कुणी बंदूक रोखल्यासारखे. मास्कवर नुसता चष्मा आणि घाबरलेले डोळे. मला हसू फुटलं. माझ्याही तोंडावर मास्क होता म्हणून वाचले.

माझं काम हात बघण्याचं. संसर्ग नियंत्रणाची सिस्टर मी. कोपऱ्यात उभं राहायचं, कोण हात धुतं, कोण ग्लोव्हजनिशी तोंडाला हात लावतं ते फॉर्मवर टिपायचं. चुकलं की फुली. महिन्यात पाच फुल्या झाल्या की कॅज्युअल्टीतून उचलबांगडी.

तो हात किती निगुतीनं धुवायचा... बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. मी बघत राहायचे. कामच होतं ना ते माझं.

तरी त्याच्या नावापुढे चार फुल्या पडल्या. चूक एकच — रुग्ण तपासता तपासता ग्लोव्हजचा हात चष्म्याकडे जायचा.

इन्चार्ज सिस्टरनी फॉर्म माझ्यापुढे टाकले. "दुसऱ्या सिस्टरच्या ड्यूटीला याची एकही फुली नाही. सगळ्या तुझ्याच. काय गं, डूख धरलायस का?"

"दिसलं ते लिहिलं."

"मग कारणही बघ. पाचवी पडली की गेला तो इथून."

मी बेसिनपाशी त्याला गाठलं. "डॉक्टर, चष्म्याला हात का लावता?"

"वाफ धरते. दिसत नाही काही."

"मास्क तर रोजच असतो. माझ्याच ड्यूटीला कशी धरते?"

त्यानं नळ बंद केला. "श्वास जोरात चालला की धरते..."

"आणि तो का चालतो—"

"तपासायला तुम्ही आलायत. तपासा की."

माझे कान तापले. "फुल्या मी खोडणार नाही हं."

"खोडल्यात तर मीच तक्रार करेन."

मी हात धुतले, चिकटपट्टीचा तुकडा फाडला. "मान खाली." मास्कची वरची कड त्याच्या नाकावर नीट चिकटवली. "आता घ्या श्वास."

"घेतो. आधी तुम्ही जरा मागे व्हा."

महिना संपेपर्यंत पाचवी फुली पडली नाही. तो राहिला. पण चष्मा कसा लख्ख... आणि मला चुटपुट. त्याचा श्वास अजून जोरात चालतो का, ते आता कळायचं कसं?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चहाच्या खोलीत तो समोर बसला. पहिल्यांदाच बिनमास्कचा. हनुवटीवर एक जुना व्रण — हा मी कधी कल्पिलाच नव्हता. त्यानं कप तोंडाशी नेला आणि दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

"पुसा की."

"हात धुतलेले नाहीत. फुली द्याल."

मी उठले. बेसिनवर हात धुतले. बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, काही सोडलं नाही. तो आंधळ्यासारखा वाट बघत बसला होता, हसत.

मी त्याचा चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"हे रोज करावं लागेल," तो हळूच म्हणाला.

"करेन," मी म्हटलं. "आधी हात धुऊन."