कपॅसिटर काढलेला स्पीकर

हे खोटं वाटलं, तर दोष माझ्या लिहिण्याचा. घडलं ते खरंच आहे.

साक्री. गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, भर दुपार.

माझे साडू रुपचंदनाना. त्यांच्या घरी पितरांची घागर भरलेली होती. मुलगा नवल अपघातात गेल्यावरची पहिलीच आखाजी.

त्याच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, अन्न टाकलं होतं. मोबाईलमध्ये नवलचं एक भजन होतं, तेच त्या स्पीकरवर ऐकत बसायच्या.

"हाऊ मना नवल शे का मच्छर?" त्या नानांवर चिडायच्या. "त्याना आवाज कितला भारी व्हता!"

नानांचं आयुष्य अॅम्प्लिफायर बनवण्यात गेलेलं. त्यांना कळलं, खर्ज कपॅसिटरमध्ये अडतोय. नेहमीच्या सर्किटमध्ये आउटपुटवर एक स्थिर व्होल्टेज बसून असतो. तो स्पीकरपर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत कपॅसिटर लावतात. हलता आवाज पुढे जातो, जे स्थिर ते अडतं. पण त्यात खालचे सूरही थोडे मरतात.

नानांनी उणे व्होल्टेजचा सप्लाय जोडून आउटपुटवरचा तो स्थिर व्होल्टेज शून्यावर आणला. अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत एकही कपॅसिटर ठेवला नाही.

बटण दाबलं. नेहमीचा 'धप्' आला नाही.

नवल गायला. अगदी तस्साच! प्रमिलाबाईंनी रडत रडत पुरणपोळीचा घास घेतला.

भजन संपलं…

स्पीकरचा पडदा पुढे आला. तसाच थांबला.

आउटपुटवर मीटर शून्य दाखवत होता. नानांनी मोबाईल काढला. प्लग उपसला.

पडदा पुढेच…

आतून कुणी तळहात टेकवावा तसा.

"नवल ऊना!" नवल आला म्हणून प्रमिलाबाई ओरडल्या.

नानांनी घाबरून कपॅसिटर परत लावला. पडदा सपाट झाला. प्रमिलाबाईंनी ताट सरकवलं.

"तो दारमा उभा शे. तुम्हीन दार लाई लिधं."

मग त्यांनी पाणीही सोडलं. सलाईन लावली, ती उपसून टाकली. डॉक्टरांनी हात टेकले.

बायको डोळ्यांदेखत चालली होती. शेवटी नानांनी कपॅसिटर काढला.

या वेळी पडदा पुढे आला नाही.

आत गेला… हळूहळू.

कुणी खोलीत येऊन, या बाजूनं दाबावा तसा.

प्रमिलाबाई आता जेवतात. शेजारी एक पाट मांडतात.

नाना मला रोज फोन करतात. आवाज दबका.

"भाऊ, तुम्ही इतकी पुस्तकं वाचलीत. सांगा ना… दार मी उघडलं. पण आत आला, तो नवलच शे ना?"