राखेचं अस्तर

दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या राखेचा ट्रक रिकामा झाला, नेमकी वावटळ उठली, आणि हेमांगी पायापासून केसांपर्यंत पांढरीफटक झाली.

"कोणत्या आखाड्याच्या, माताजी?" मोटरसायकलवरून आवाज आला.

तिला राग यायला हवा होता. पण त्याचे डोळे असे काही हसत होते, की... नाहीच आला!

तो कुंदन. पारोळ्याजवळच्या या गावात कचरा डेपोच्या उताराला त्याचं शेत. कचऱ्याचं काळं पाणी झिरपून त्याची विहीर नासली होती. जळगावच्या इंजिनियरिंग कॉलेजातून आलेली हेमांगी नव्या खड्ड्याला राख आणि चिकणमातीचं अस्तर लावत होती. मग त्यात पाणी भरून आठ दिवस पाहायचं. पाणी टिकलं तर सगळा कचरा इथे हलणार, नाहीतर विहीर गेलीच म्हणायची.

चौथ्या दिवशी पाणी तीन बोटं उतरलं.

"गळी ऱ्हायनं, पोरी," सरपंच तोताराम आबा म्हणाले. "राखमा पानी थांबस का कधी?"

"उन्हाने आटलंय, आबा!" तिने आकडे दाखवले. आबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

कुंदनने घरून लोखंडी घमेलं आणलं, पाण्याने भरून काठावर ठेवलं. "आबा, हे तर गळत नाही ना? चार दिवसांनी दोन्ही मोजू."

मग तो सकाळ-संध्याकाळ राखणीला हजर!

"घमेलं पळून जाणार आहे का?" हेमांगीने विचारलं.

"घमेलं नाही... पाहुणीचा भरवसा नाही."

आठव्या दिवशी आबांनी स्वतः बोटं बुडवली. खड्डा आणखी तीन बोटं उतरलेला, घमेलंही तीनच.

"उनच शे मंग!" आबांनी हसत जुन्या डेपोकडून नव्या खड्ड्याकडे हात फिरवला. "लई या बठ्ठा कचरा आठे!"

हेमांगीने घमेल्यातलं उरलेलं पाणी सरळ कुंदनवर ओतलं. तो भिजून हसला, मग उताराकडच्या विहिरीकडे पाहू लागला.

"विहीर गोड व्हायला किती दिवस?"

"दोन-तीन पावसाळे. दर महिन्याला तपासावी लागेल. येईल कॉलेजातून कुणीतरी."

"कुणीतरी नको... तूच ये. मला तू आवडतेस, हेमांगी."

तिने पिशवीतली बाटली काढून त्याच्यासमोर धरली. इथलं पाणी पिता येत नाही म्हणून आठ दिवस ती जळगावहून पाण्याची बाटली आणत होती.

"विहीर गोड झाली, की पहिला तांब्या मला."

"पाहुणीला देतात तसा?" त्याने घाबरतच विचारलं.

"नाही —" ती लाजली, पण नजर वळवली नाही. "घरच्या माणसाला देतात तसा."