छापखान्याचं अंजीर

"डावा पाय! अगं डावा! तुला डावा-उजवा कळतो की नाही?" खडखड खालून ओरडला.

"गप्प बस! मी पडले तर तुझ्याच डोक्यावर पडेन!" मिठू वरून म्हणाली.

मागच्या भिंतीवर मिठू पोटावर आडवी झाली होती. पलीकडे शिलाईवाल्या काकूंची पत्र्याची शेड होती आणि तिच्यामागे चेंडू गेला होता. सुट्टीचा तिसरा दिवस आणि घरात चेंडू एकच! खडखड आणि त्याची मोठी बहीण वकील सुट्टीला काकांकडे आले होते. खडखडच्या खिशात कायम स्क्रू, किल्ल्या आणि बिल्ले असायचे, त्यामुळे तो येण्याआधी त्याचा आवाज यायचा. वकील तेरा वर्षांची. तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. मिठू ही काकांची मुलगी, दहा वर्षांची, आणि बोलायला लागली की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

तीच मिठू एकाएकी गप्प झाली.

"काय झालं? साप आहे का?" वकीलने विचारलं.

"अंजिरं!" मिठू कुजबुजली. "मोठ्ठाली! सात... आठ... नऊ!"

"कुठल्या झाडाला?"

"आपल्याच!"

"काहीतरीच! आपल्या झाडाला कधी एक फळ धरलंय का? म्हणून तर ते उद्या कापणार आहेत!" खडखड म्हणाला.

"मग वर येऊन बघ ना! भिंतीवरून एक फांदी शेडच्या मागे गेलीये. तिला लागलीयेत!"

तिघंही भिंतीवर चढले. खरंच होतं. पत्र्याच्या आड लपलेल्या त्या एका फांदीला नऊ टपोरी अंजिरं लटकत होती. आणि भिंतीच्या या बाजूला, त्याच झाडाला, शपथेपुरतंही फळ नव्हतं.

आता या झाडाबद्दल सांगायला हवं. मिठूचे आजोबा जन्मभर छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. डोळे मिटून नुसत्या बोटांनी ते अक्षर ओळखायचे. आणि घरी आले की अंजिरं! घरी अंजीर लावायचं तर जात पारखून घ्यावी, हा त्यांचा हेका. टबात लावायचं तर बुटकी जात हवी. फळाचं खालचं तोंड मिटलेलं हवं, नाहीतर मुंग्या आपल्याआधी जेवून जातात. हवा दमट असेल तर लवकर पिकणारी जात बरी, नाहीतर फळं झाडावरच आंबतात. अशी पाच झाडं त्यांनी निवडून टबांत लावली होती आणि त्यांना नावंही दिली होती. बुटका, तोंडमिट्या, घाईवाला, मधाळ आणि काळू.

सहावं झाड मात्र जमिनीत होतं. छापखान्याच्या मागे एक जुनं अंजीर होतं. त्याच्या फळासारखं फळ आजोबांनी दुसरीकडे कुठंच खाल्लं नव्हतं. छापखाना पाडायला घेतला त्या दिवशी ते पहाटेच चाकू घेऊन गेले आणि एक काडी कापून घेऊन आले. दुपारपर्यंत तिथलं झाड गेलं होतं. ती काडी इथे भिंतीपाशी रुजली, वाढली, फळायच्या वयाला आली, आणि नेमकी तेव्हाच आजोबांची दृष्टी गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळतं.

त्यानंतर चार वर्षं झाडाने एक फळ दिलं नाही. छापखान्याच्या त्या झाडाला लागून एक रानटी अंजीर होतं. 'अंधारात मी त्याचीच काडी कापून आणली. खरं झाड माझ्या चुकीमुळे कायमचं गेलं,' असं आजोबांनी मनाशी धरलं. काकांना तिथे गाडीसाठी शेड बांधायची होती. त्यांनी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "काप. माझीच चूक ती."

करवतवाला उद्या सकाळी दहाला येणार होता.

"चला!" वकील म्हणाली. "आधी पलीकडे."

शिलाईवाल्या काकूंचं मशीन एकदम थांबलं. "कसली अंजिरं? मला नाही बाई माहीत," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या मशीनशेजारच्या बशीत अंजिराचं अर्धं साल पडलं होतं, आणि खडखडने त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं.

काकू लाल झाल्या. "दरवर्षी लागतात. फांदी माझ्या बाजूला आहे, मग फळं माझीच ना? मला वाटलं, तुमच्याकडे तर ढीगभर असतील."

"मग कधी विचारलं का नाहीत?" वकीलने विचारलं.

"विचारलं असतं तर द्यावी लागली असती," काकू म्हणाल्या. निदान खरं तरी बोलल्या.

शेडच्या मागे जाऊन वकीलने ती फांदी नीट निरखली. "ही नवी हिरवी काडी. हिच्यावर काहीच नाही. फळं आहेत ती खाली, करड्या काडीवर. ही गेल्या वर्षीची असणार."

"आणि आपल्या बाजूला करड्या काड्या आहेतच कुठे? ज्या आहेत त्यांना टोकंच नाहीत!" खडखड म्हणाला. "कापल्यासारख्या!"

"कापल्यासारख्या काय, कापलेल्याच आहेत!"

तिघं धावत आजोबांकडे गेले. आजोबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते.

"आजोबा, अंजीर नव्या काडीला लागतं की जुन्या?" मिठूने विचारलं.

"जात कुठली त्यावर आहे, बाळा." आजोबांचा चेहरा उजळला. "टबातल्यांना नव्या काडीवर लागतात, म्हणून त्यांना छाटलेलं मानवतं. छापखान्याचं उलटं. त्याला गेल्या वर्षीच्या काडीवर लागायची, शेंड्यापाशी. ती काडी छाटली की ते वर्ष गेलं. नव्या काडीवर नंतर बारकी बारकी येतात, पण ती सगळी गळतात."

"मग आपलं झाड कुणी छाटत असेल तर?"

"छे! मी दरवर्षी विचारतो ना तुझ्या बाबांना. त्यांनी एकदाही कात्री लावू दिलेली नाही. म्हणून तर कळलं, की काडीच चुकीची होती." आजोबांनी हात मांडीवर ठेवले. "जाऊ दे. खेळा तुम्ही."

मिठूने तोंड उघडलं आणि मिटलं. "आधी माळीदादांना विचारूया. आपली झाडं तेच बघतात," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

माळीदादा त्याच गल्लीत, तिसऱ्या घराचं कुंपण नीट करत होते. वकीलने त्यांना थेट विचारलं, "दादा, आमच्या मागच्या भिंतीचं अंजीर तुम्ही छाटता?"

"दरवर्षी. थंडीत सगळी झाडं एकसारखी छाटतो. तसा हुकूमच आहे."

"पण आजोबा नको म्हणायचे ना?"

"पहिल्या वर्षी मी म्हटलं तसं, की आजोबांनी याला हात लावायचा नाही असं सांगितलंय. तर साहेब म्हणाले, कचरा होतो भिंतीपाशी, छाट तू. त्यांना कुठं दिसतंय!" एवढं बोलून माळीदादांचं लक्ष मिठूकडे गेलं. मग ते उगाचच कात्री पुसायला लागले.

मिठूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. 'त्यांना कुठं दिसतंय!' तिचे बाबा, जे तिला खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं करायचे, ते असं म्हणाले होते. तिला त्यांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी तिघं काकांसमोर उभे राहिले. काका कागदावर शेडची मापं लिहीत होते.

"काका, झाड कापू नका. ते रानटी नाहीये," वकीलने सुरुवात केली.

"अण्णांनी स्वतः सांगितलंय कापायला. विषय संपला."

"पण त्यांना माहीतच नाही की तुम्ही..."

"वकीलबाई!" काकांनी पेन खाली ठेवलं. "सुट्टीला आलात, मजा करा. मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसू नका. आणि अण्णांना यातलं काही सांगून त्रास द्यायचा नाही. त्यांना मागच्या अंगणात तर न्यायचंच नाही. पायरीवरून पडतील. कळलं?"

मोठी माणसं 'कळलं?' विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नकोच असतं.

"सांगूनच टाकूया आजोबांना!" खडखड खोलीत आल्याआल्या म्हणाला.

"काही उपयोग नाही," मिठू म्हणाली. "ते बाबांना विचारतील. बाबा नाही म्हणतील. आणि आजोबांना बाबांचंच खरं वाटतं."

वकीलने बराच वेळ नख चावलं. "मग साक्षीदारच नको. पुरावा हवा. आजोबांच्या बोटांना कळेल असा."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला काका करवतवाल्याला आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. काकू, म्हणजे मिठूची आई, आंघोळीला गेल्या होत्या. खडखडने खिशातलं सगळं सामान गादीवर ओतलं. "आज आवाज नको!" तो म्हणाला आणि त्याने खुर्ची उचलली. वकीलने आजोबांचा उजवा हात धरला, मिठूने डावा.

"कुठे चाललो आपण?"

"झाडापाशी. आता पायरी आली, आजोबा. एक. अजून एक. आता सपाट आहे."

आजोबा चार वर्षांत पहिल्यांदा त्या झाडाखाली बसले. मिठूने एक फांदी वाकवून त्यांच्या हातात दिली. आजोबांची बोटं फांदीवरून सरकत गेली आणि टोकाशी थांबली.

"तिरका काप," ते म्हणाले. "धारदार कात्रीचा. दुसरी दे."

दुसरी दिली. तिसरी दिली. बोटं भराभर चालायला लागली. "हा काप यंदाचा, कडा अजून बोचते. त्याच्याखाली हा गाठाळलेला, गेल्या वर्षीचा. हा त्याच्या आधीचा. आणि हा..." आजोबा थांबले. "चार."

मग खडखडने शिलाईवाल्या काकूंकडून मागून आणलेलं पिकलं अंजीर त्यांच्या तळहातावर ठेवलं. "भिंतीपलीकडच्या फांदीचं आहे, आजोबा. तिथे कात्री पोचत नाही."

आजोबांनी ते फोडलं, अर्धं तोंडात टाकलं आणि किती तरी वेळ चावत राहिले.

"हेच," ते म्हणाले. "मी बरोबर काडी आणली होती."

तेवढ्यात फाटक वाजलं. करवतवाला पुढे आणि काका मागे. खुर्ची बघून काका जागीच थिजले. "अण्णा! तुम्ही इथे? कुणी आणलं तुम्हाला? उठा, झाड पाडायचंय!"

"मी नाही उठत," आजोबा म्हणाले.

करवतवाल्याने एकदा आजोबांकडे बघितलं, एकदा काकांकडे. "साहेब, ते बसलेत तोवर मी करवत लावायचो नाही," तो म्हणाला आणि त्याने खाली बसून डबा उघडला, खायलाच लागला.

"काका, हे कापायची गरजच नाही!" वकीलने सगळं एका दमात सांगितलं. जुनी काडी, नवी काडी, पत्र्यामागची फांदी, नऊ फळं. माळीदादांचं वाक्य तेवढं तिने सांगितलं नाही. मिठू शेजारीच उभी होती.

ओले केस टॉवेलात गुंडाळून काकू धावत आल्या. भिंतीवरून शिलाईवाल्या काकूंचं डोकं वर आलं. काकांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मग ते एकदम हसायला लागले. "वा! गुप्तहेरच निघाली की पोरं! शाब्बास! चला, झाड वाचलं. आता छाटायचं नाही, झालं! शेड पुढच्या बाजूला बांधू. सगळ्यांना आइस्क्रीम!"

"हुशार आहेत हो मुलं!" काकू म्हणाल्या.

"फारच हुशार!" भिंतीवरून आवाज आला.

खडखड खूश झाला. आइस्क्रीम म्हटल्यावर तो खूश होणारच. पण आजोबा हसत नव्हते.

"झाडाचं राहू दे," ते म्हणाले. "चार वर्षं मी तुला विचारलं. चार वर्षं तू नाही म्हणालास."

"अहो अण्णा, एवढ्याशा गोष्टीवरून कटकट नको, म्हणून. तुम्हाला उगाच वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलंच. रोज वाटलं. आपल्या हातून ते झाड गेलं म्हणून मला झोप लागायची नाही, हे तुला माहीत होतं." आजोबांचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्तच लागला. "आता एकच सांग. मला दिसत नाही. तू सांगतोस तेवढंच माझं जग. त्यातलं खरं किती, ते मी कुणाला विचारू?"

काकांनी मान खाली घातली. करवतवाल्याने डबा बंद केला.

"मिठू," आजोबांनी हाक मारली. "टबातली पाचही छान आहेत, असं तुझे बाबा सांगतात. आहेत का?"

मिठूने बाबांकडे बघितलं. बाबांनी हळूच मान हलवली. नको. आजोबांना ते दिसणार नव्हतं, म्हणूनच त्यांनी ती हलवली होती. आणि मिठूलाही टबांचं कधीचं माहीत होतं. आजोबांना सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं आणि तिने ते मुकाट्याने ऐकलं होतं.

"दोन वाळलीत, आजोबा," ती म्हणाली. "बुटका आणि तोंडमिट्या. मागच्याच वर्षी वाळली. मीपण नाही सांगितलं तुम्हाला."

"बुटका... तोंडमिट्या..." आजोबा पुटपुटले.

"शाब्बास," मग ते म्हणाले. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, पण तो बाजूलाच गेला. मिठूने डोकं सरकवून त्या हाताखाली नेलं आणि तिला हुंदका फुटला.