चावी कोणी दिली?

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्याच्यासोबत घडली, तो मिस्त्री जन्मात खोटं बोललेला नाही… "गाडी संध्याकाळी मिळेल" एवढं एक वाक्य सोडून.

मंगळवार. भर दुपारी दोन. पत्र्याचं गॅरेज.

गॅरेज दोघा भावांचं. थोरला गाडीत बसायचा, धाकटा गाडीखाली झोपायचा. धाकटा खालून म्हणायचा, "दे." थोरला चावी फिरवायचा. "बंद." की बंद. वीस वर्षं दोघांचं निम्मं बोलणं एवढंच.

मग थोरल्याच्याच गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर म्हणाला, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट बिघडलंय.

"वायर आहे," थोरला म्हणाला.

"सेन्सर जळलाय," धाकटा म्हणाला.

"तुला काय कळतं रे?"

एवढ्यावरून अबोला. अकराव्या दिवशी थोरला झोपेतच गेला. अबोला तसाच राहिला.

महिन्याने वहिनी गाडी घेऊन आली.

"भाऊजी, तो दिवा तेवढा घालवा. दिसला की वाटतं, हे अजून रुसलेत."

ती गेली. धाकट्याने चावी खिशात टाकली आणि तो गाडीखाली शिरला. सेन्सरचा कनेक्टर सोडवला, टेस्ट लॅम्प वायरला लावला. चावी फिरवल्यावर बल्ब पेटला तर वायर चांगली, सेन्सर गेलेला. नाही पेटला, तर थोरला खरा.

सवयीने तोंडातून गेलं, "दे."

मग आठवलं…

वर कोणीच नाही.

आणि चावी तर खिशात.

वर सीट करकरली…

खट्.

बल्ब पेटला.

"बंद," तो कसाबसा म्हणाला.

विझला.

"दे."

पेटला… जरा उशिराच. थोरल्याची चावी नेहमी जरा उशिराच यायची.

धाकटा तसाच पडून राहिला. खिशातली चावी मांडीला टोचत होती.

"दादा," तो म्हणाला, "म्हणजे सेन्सरच की रे."

वरून फक्त एक लांब उसासा… लहानपणी धाकट्याशी पत्त्यांत मुद्दाम हरल्यावर थोरला सोडायचा, तसा.

बाहेर येऊन पाहिलं. सीट रिकामी.

नवा सेन्सर बसवला. दिवा गेला. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ रडली आणि गाडी घेऊन गेली.

धाकटा अजून त्याच गॅरेजात असतो. पण गाडीखालून "दे" म्हणत नाही. हात बाहेर काढून नव्या पोऱ्याला खुणावतो.

सेन्सर बदलल्याच्या नवव्या दिवशी वहिनीच्या गाडीत दिवा परत लागला.

त्याने वायर सोलून पाहिली. आतून अर्धी तुटलेली. कधी करंट जायचा, कधी नाही.

जुना सेन्सर चांगला होता.